काठावरून पडलेला भुंगा

उन्हाळा अर्ध्यावर आला की ट्राउटच्या ओढ्यावर फ्लाय फिशिंग करणाऱ्यांची पंचाईत होते. वसंतात पाण्यातून उठणारे मेफ्लाय आणि कॅडिस या किड्यांचे थवे विरळ झालेले असतात. पाणी उतरलेलं, तळातला खडा न् खडा दिसेल इतकं नितळ. डब्यातल्या नाजूक पंखांच्या फ्लाय एकामागून एक टाकाव्यात आणि माशाने ढुंकूनही बघू नये, असे ते दिवस. मासा उपाशी असतो असं मात्र नाही. त्याचं जेवण आता काठावरून येत असतं: गवतातला नाकतोडा, फांदीवरून घसरलेला भुंगा, वाऱ्याने उडवलेली मुंगी. याच हंगामाचं मला वेड आहे, आणि या किड्यांच्या फ्लाय घरी बांधायला लागल्यापासून ते जरा हाताबाहेरच गेलंय.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लाय फिशिंगमध्ये खरं आमिष नसतं. गळाभोवती दोरा, पीस, केस, फोम असं काहीबाही गुंडाळून किड्याचा आभास तयार करतात, ती फ्लाय. तिला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकायची असते जाड, वजनदार लाइन. फ्लाय तिच्यामागून जाते. लाइनच्या टोकाला निमुळता होत गेलेला पारदर्शक लीडर, त्याच्या शेवटी टिपेट नावाचा बारीक धागा, आणि त्याला फ्लाय. बहुतेक फ्लाय पाण्यात वाढणाऱ्या किड्यांच्या नकला असतात. मी लिहितेय ते किडे जमिनीवरचे, पाण्यात चुकून पडणारे.

चुकून पडणारे असले तरी त्यांचा वाटा किरकोळ नाही. जपानच्या होक्काइदो बेटावरच्या होरोनाई ओढ्यावर शिगेरू नाकानो आणि मासाशी मुराकामी यांनी केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या माशांना वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ४४ टक्के ऊर्जा जमिनीवरून आलेल्या किड्यांतून मिळत होती, आणि हा ओघ झाडांना भरगच्च पानं असतात त्या महिन्यांत सगळ्यात मोठा होता. जपानमधलाच २०११चा आणखी एक अभ्यास तर जरा अंगावर काटा आणणारा आहे. दोऱ्यासारखा लांबलचक एक जंत रातकिड्यांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या पोटात वाढतो. प्रजननासाठी त्याला पाण्यात जावं लागतं, म्हणून पूर्ण वाढ झाली की तो आपल्या यजमानालाच पाण्याकडे नेतो आणि उडी मारायला लावतो. अभ्यास झालेल्या ओढ्यातल्या ट्राउटवर्गीय माशांच्या वर्षभराच्या ऊर्जेपैकी साधारण ६० टक्के अशा आत्मघातकी उड्यांतून येत होती. तिथे माशांना जेवू घालणारा खरा यजमान कोण, हा प्रश्नच आहे.

बांधायला बसण्याआधी काठावर काय आहे ते बघायचं, ही माझी पहिली पायरी. यासाठी रॉडची गरज नसते. पांढरी छत्री उलटी उघडून झुडपाखाली धरायची आणि फांदीला काठीने हलकेच दोन तडाखे द्यायचे. कीटकशास्त्राचे अभ्यासकही किडे असेच गोळा करतात. छत्रीत जे पडतं ते थोड्याफार फरकाने पाण्यातही पडत असणार. माझ्या छत्रीत पडलं त्यात मुंग्या सगळ्यात जास्त होत्या. त्याखालोखाल छोटे काळे आणि तपकिरी भुंगे, मग तुडतुडे, हिरव्या अळ्या, कोळी. नाकतोडा एकही नाही, कारण तो गवतात असतो आणि छत्रीची चाहूल लागताच पसार होतो. पण गवतातून चालत गेल्यावर उडालेले नाकतोडे आणि झुडपातले भुंगे यांचा अंदाज ताडून पाहिला तर भुंग्यांचं पारडं स्पष्ट जड होतं. मला कास्ट करायला, म्हणजे लाइन फेकायला, शिकवणारे गृहस्थ पक्के नाकतोडावाले. त्यांच्या मते मोठा घास म्हणजे मोठा मासा. मी तेव्हापासून भुंगा-मुंगीवाली झाले, आणि आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

आता बांधणी. भुंग्यासाठी मी १४ नंबरचा, कोरड्या फ्लायसाठी असतो तसा बारीक तारेचा गळ घेते. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून सपाट करते. मासा सोडायचा असतो, आणि हे काम फ्लाय बांधून झाल्यावर करायला गेलं तर कधीकधी गळच मोडतो आणि केलेली मेहनत वाया जाते. गळ व्हाइस नावाच्या छोट्या शिकंज्यात घट्ट पकडला की दांड्यावर काळ्या दोऱ्याचा एक थर. त्यावर सुपरग्लूचा एक थेंब. हा थेंब नसेल तर दोन-तीन मासे लागल्यावर फोम दांड्याभोवती फिरतो आणि भुंगा उताणा तरंगायला लागतो.

मग काळ्या फोमची पट्टी. मुलांच्या हस्तकलेसाठी मिळतो तो २ मिलिमीटर जाडीचा ईव्हीए फोम चालतो. त्यात बंद हवेचे कप्पे असतात, म्हणून तो पाणी पीत नाही. पट्टी गळाच्या टोकाच्या आणि दांड्याच्या मधल्या अंतराएवढी रुंद कापायची आणि गळ जिथे वळायला लागतो तिथे एका टोकाने बांधायची. त्याच जागी मोरपिसाचे तीन-चार तंतू बांधायचे, ते दोऱ्याला पीळ देऊन एकजीव करायचे आणि गळाच्या डोळ्याच्या, म्हणजे टिपेट बांधायच्या भोकाच्या, अलीकडे थोडी जागा सोडून तिथपर्यंत गुंडाळत न्यायचे. नुसते तंतू गुंडाळले तर ट्राउटच्या बारीक दातांनी ते पहिल्याच माशाला तुटतात; दोऱ्याबरोबर पिळलेले टिकतात. या तंतूंची हिरवट-तांबूस चमक भुंग्याच्या पोटाला शोभते. शेवटी फोम पुढे दुमडून दोऱ्याचे चार घट्ट फेरे, उरलेला तुकडा कापून छोटं डोकं, आणि पाठीवर नारिंगी फोमचा एक ठिपका. हा ठिपका माझ्यासाठी आहे, लांबून फ्लाय दिसावी म्हणून. मासा खालून बघतो, त्याला पाठ दिसत नाही.

पायांबद्दल माझं मत जरा कडक आहे. सहा पाय, सांधे, मिशा, डोळे असे सगळे अवयव असलेला भुंगा डब्यात फार देखणा दिसतो आणि तो डब्यातच शोभतो. मी रबरी धाग्याचे दोन तुकडे आडवे बांधते, तेही आळस नसेल तेव्हाच.

या मतामागे एक भांडं आहे. काचेच्या मोठ्या चौकोनी भांड्यात पाणी भरून ते दोन खुर्च्यांच्या मध्ये ठेवलं, बांधलेल्या फ्लाय वर सोडल्या आणि जमिनीवर आडवी पडून खालून बघितलं. घरच्यांनी काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. पण माशाला दिसणारं जग म्हणजे काय ते या एका खटाटोपातून कळलं. पाण्याखालून वर बघताना आपल्या डोक्यावर एक गोल खिडकी असते, साधारण ९७ अंशांचा कोन करणारी. बाहेरचं सगळं आकाश आणि काठ त्या गोलात वाकून, आवळून बसवलेले दिसतात. खिडकीच्या बाहेर पृष्ठभाग आरशासारखा असतो आणि त्यात तळच उलटा दिसतो. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल तर त्याची खिडकी जेमतेम ६८ सेंटिमीटर रुंद असते. तो वर येईल तशी ती आणखी लहान होते. म्हणजे वाहत येणारी फ्लाय माशाला आधी आरशात दिसते, आणि तिथे तिचा दिसतो तो फक्त पाण्यात बुडालेला किंवा पाण्याचा पापुद्रा दाबणारा भाग. फ्लाय खिडकीत शिरली की दिसतो काळा आकार, पाठीमागे लख्ख आकाश असल्यामुळे.

खालून बघताना एक फरक चटकन लक्षात आला. ज्या भुंग्याच्या पोटाखाली मोरपिसाचे भरपूर फेरे होते तो पाण्यात अर्धा रुतून बसत होता, आणि आरशात त्याचं पोट ठसठशीत दिसत होतं. जाड फोमचा भुंगा मात्र उंच तरंगत होता. आरशात त्याची चार-पाच टिंबं तेवढी दिसत. खऱ्या भुंग्याला सोडून पाहिलं, तो पहिल्यासारखा रुतला. मग मी फोमची पट्टी अरुंद करत गेले, बुडेल-न बुडेल अशा बेतापर्यंत. घरी बांधण्याचा खरा फायदा मला विचाराल तर हा आहे. विकतच्या बहुतेक फोमच्या फ्लाय बुडू नयेत म्हणून बनवलेल्या असतात, आणि माशाला पाण्यात रुतलेला, सुटायला धडपडणारा किडा हवा असतो.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत पेन्सिल्वेनियातल्या कार्लाइलजवळच्या लेटॉर्ट या चुनखडीच्या झऱ्यातून वाहणाऱ्या ओढ्यावर व्हिन्सेंट मारिनारो आणि चार्ल्स फॉक्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर याच गोष्टीचा पिच्छा पुरवला होता. ट्राउट सारखे पृष्ठभागावर येत होते, पण खातायत काय ते दिसत नव्हतं. मारिनारो काठावर पालथे पडून पाण्याकडे बघत राहिले तेव्हा दिसले ते इवले तुडतुडे, मुंग्या, भुंगे. तुडतुड्याची नक्कल करताना त्यांनी जाडीचा विचारच सोडून दिला. खालून दिसते ती फक्त रुंदी, म्हणून गळावर एक चपटं पीस आडवं बसवलं की काम झालं. ते पीस कुठलं, तर राखी रानकोंबड्याच्या मानेचं, ज्यावर मेणासारखे चकचकीत ठिपके असतात. सह्याद्रीत पहाटे आरवणारा हाच तो पक्षी. त्याच्या पिसांपायी त्याची पूर्वी बरीच शिकार झाली. आज त्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मी काळा फोम वापरते. मारिनारोंचाच नियम लावला तर माशाला त्यातला फरक कळण्याचं कारण नाही.

मुंगी बांधायला सगळ्यात सोपी आणि बिघडवायलाही. १६ किंवा १८ नंबरचा गळ, मागे काळ्या केसांच्या लगद्याचा एक गोळा, पुढे एक लहान गोळा, मध्ये कंबर. कंबरेवर कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे दोनच फेरे, पाय म्हणून. कंबर बारीक राहिली पाहिजे. दोन गोळे जवळ आले की ती मुंगी राहत नाही. ही जवळपास दिसेनाशी होते, म्हणून मी ती भुंग्याच्या गळाला अर्धा मीटर टिपेट बांधून त्याच्या मागे सोडते. भुंगा दिसतोय तोवर मुंगी कुठे आहे याचा अंदाज राहतो. नाकतोडा मी त्या गृहस्थांच्या आग्रहाखातर बांधला: १० नंबरचा गळ, पिवळट फोम, वर पंख म्हणून हरणाचे पोकळ केस आणि गाठ मारून गुडघा केलेले पाय. बांधायला मजा आली, हे कबूल.

ओढ्यावर जायची वेळ ठरवताना मात्र या हंगामातला मोठा पेच समोर येतो. नाकतोडे उन्हाने अंग तापल्याशिवाय हलत नाहीत, आणि दुपारचा वाराच त्यांना पाण्यात लोटतो. पण ट्राउट थंड पाण्याचा मासा. पाणी २० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, माशावर ताण येतो, आणि अशा वेळी झुंजवून सोडलेला मासा पोहत गेला तरी नंतर मरू शकतो. मी खिशात थर्मामीटर ठेवते आणि २० अंशांना रॉड गुंडाळते. म्हणून सुरुवात उजाडताच. त्या वेळी मुंग्या आणि भुंगे कामाला लागलेले असतात, नाकतोडे गारठलेले. माझा मुंगी-भुंग्याकडचा कल थोडाफार यातूनही आला असेल. परवाना, बंद हंगाम, सोडायचे की ठेवायचे याचे नियम प्रत्येक पाण्याचे वेगळे असतात. ते आधी वाचून निघायचं.

या फ्लाय घेऊन गेले त्या सकाळी पाणी १४ अंश होतं. नऊ फुटी, चार वेटचा, म्हणजे हलक्या लाइनचा रॉड, तेवढाच लांब लीडर आणि ५एक्स टिपेट, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीचा. ओढा असा की एका काठाला झाडं पाण्यावर ओणवलेली, दुसरीकडे उंच गवत. मासे मधल्या खळाळात नव्हते. झाडांखाली, काठापासून वीतभर अंतरावर, संथ आणि जलद पाण्याच्या सीमेवर एक मासा अधूनमधून वर येत होता. वर येणं म्हणजे उसळी नव्हे; नुसती एक वर्तुळाकार लहर, आणि क्षणभर दिसणारं नाक. सावकाश वर येतो म्हणजे निवांत खातोय, म्हणजे घास पळून जाणारा नाही. मुंग्याच असाव्यात, असं मनात आलं.

माशाच्या मागून, खालच्या अंगाने, गुडघ्यावर गेले. खिडकीच्या कडेला, क्षितिजालगतच्या साधारण १० अंशांत जे असतं ते माशाला अगदी चपटं आणि अंधुक दिसतं, म्हणून जितकं बुटकं राहाल तितकं बरं. पुरेशा जवळ आले तेव्हा पँट चिखलाने भरलेली होती. आधी एकटा भुंगा. भुंगा फेकताना मी कास्ट मुद्दाम जरा जास्त जोराने संपवते, म्हणजे फ्लाय लाइनच्या आधी पाण्यावर आदळते आणि टप् असा आवाज होतो. मेफ्लायच्या फ्लायचा असा आवाज झाला तर मासा पळेल. भुंग्याचा आवाज मात्र त्याला बोलावतो. अंगावरच्या पार्श्वरेषेने त्याला पाण्यातली ही थरथर कळते. भुंगा त्याच्या डाव्या बाजूला, थोडा मागे पडला. मासा गर्रकन वळला, भुंग्याखाली आला, त्याच्याबरोबर हातभर वाहत गेला आणि तोंड न उघडता खाली गेला.

आकार बरोबर, पडणं बरोबर, मग नकार कशासाठी? मी थांबून पाण्याकडे बघत बसले. भुंगा ज्या धारेवर होता ती संथ होती आणि मधल्या जलद पाण्यावर पडलेली लाइन फुगून पुढे जात होती. शेवटच्या वीतभरात तिने फ्लायला किंचित ओढलं होतं. माझ्या डोळ्यांना ती ओढ जेमतेम दिसली. माशाला ती पुरते. पाण्यात पडलेला भुंगा धडपडतो, पण प्रवाह कापत आडवा जात नाही. मी दोन पावलं वर सरकले, म्हणजे मधली जलद धार लाइनच्या वाटेतून गेली, आणि भुंग्यामागे मुंगी बांधली. मग माशाला थोडा वेळ दिला. तो पुन्हा वर येऊन खायला लागेपर्यंत कास्ट करायचा नाही, हे पथ्य फार कंटाळवाणं आणि फार उपयोगी आहे.

या वेळी भुंगा माशाच्या वरच्या अंगाला हातभर अंतरावर पडला आणि अगदी मोकळा वाहत आला. भुंग्याकडे त्याने बघितलंही नसावं. त्याच्या मागे अर्ध्या मीटरवर, जिथे मला काहीच दिसत नव्हतं, तिथे तीच वर्तुळाकार लहर उठली. रॉड लगेच उचलायचा मोह होतो. तोंड मिटून मासा खाली वळेपर्यंत थांबायचं. थांबले, उचलला, आणि रॉड वाकला. तो सरळ झाडाच्या मुळांकडे धावला. चार वेटच्या रॉडने आणि एवढ्या बारीक टिपेटने त्याला उचलून आणता येत नाही, रॉड बाजूला आडवा करून दिशा बदलायला लावावी लागते. झुंज लांबवण्यात काही शौर्य नाही. जितक्या लवकर जाळ्यात येईल तितकं त्याला बरं.

तांबडे-काळे ठिपके असलेला तपकिरी ट्राउट होता, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढा. सगळे पर अखंड, शेपटीची टोकं धारदार. हॅचरीत सिमेंटच्या टाक्यांत वाढलेल्या माशांचे पर बऱ्याचदा झिजलेले असतात. हा ओढ्यातच अंड्यातून निघालेला. जाळं पाण्यातच ठेवलं, हात आधी ओले केले, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. मुंगी वरच्या जबड्याच्या कोपऱ्यात होती, उलटा काटा नसल्याने चिमटीत धरून फिरवताच सुटली. प्रवाहाकडे तोंड करून धरला, कल्ले दमदार उघडमिट करू लागले आणि तो स्वतःच हातातून गेला.

त्यानंतर उन्हं वर येईपर्यंत झाडांखाली भुंग्यावर मासे आले. मुंगीला नकार जवळजवळ नव्हताच, पण ती लहान असल्याने गळ नीट न रुतता सुटण्याचं प्रमाण जास्त होतं. दहाच्या सुमारास वारा सुटला आणि गवताच्या काठाला नाकतोडे उडायला लागले. तेव्हा टिपेट बदलून ३एक्स लावला, म्हणजे ०.२० मिलिमीटर, कारण मोठी फ्लाय हवेत गरगरते आणि बारीक टिपेटला पीळ पडतात. नाकतोड्यावर आलेला मासा दिसायला भव्य असतो: खोलातून तिरपा येतो, धाडकन पाणी फुटतं, बघणाऱ्याचं काळीज उडतं. दोन असे आले, एक लागला, आणि तो सकाळच्या मुंगीवाल्या माशापेक्षा लहान होता. ही बातमी मी त्या गृहस्थांना लगोलग कळवली. त्यांनी माझ्या नाकतोड्याचे पाय फार जाड असल्याचा निर्वाळा दिला. मोठा घास घेणारे मासे आधी खूप वेळ बघतात, त्यामुळे त्यांच्या म्हणण्यात तथ्य असूही शकतं. पाणी तोवर १९ अंशांवर आलं होतं आणि मी रॉड गुंडाळला.

डब्यात आता भुंगे सगळ्यात जास्त आहेत, दोन आकारांचे, काळे आणि तपकिरी. मुंग्यांमध्ये फिकट पंखांच्याही काही बांधून ठेवल्या आहेत, कारण उकाड्याच्या दमट दिवशी वारुळातल्या पंखवाल्या मुंग्या उडाल्या आणि त्यांचा थवा पाण्यावर पडला की मासे दुसऱ्या कशालाच तोंड लावत नाहीत, आणि तो दिवस कधी येईल ते आधी कळत नाही. नाकतोड्यांचे पाय बारीक करून झाले. व्हाइसमध्ये सध्या रातकिडा आहे. फोमचा केला तर तो हवा त्यापेक्षा उंच तरंगतो, म्हणून हरणाचे केस काळे रंगवून, गळावर दाटीने बांधून आणि पोटाकडून अगदी सपाट कातरून बघतेय. काचेचं भांडं पुन्हा दोन खुर्च्यांच्या मध्ये आहे.